आजी, तू काय होणार?

अमेरिकेत आल्यानंतरचा पहिला ३१ ऑक्टोबर, म्हणजे पोरं सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागतात तो हॅलोवीन, मी अंधारात बसून काढला. लेक आणि जावई कामावर होते, नात पाळणाघरात. सहाच्या सुमारास बेल वाजली. पडद्याच्या फटीतून पाहिलं तर दारात तीन मुलं. एकाने तोंडाला पांढरा रंग फासलेला, एकीच्या डोक्यावर उंच टोकदार काळी टोपी, सगळ्यात धाकटा भोपळ्याच्या आकाराची बादली दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभा. मला इंग्रजी बोलायचा धीर नव्हता. द्यायला घरात काय आहे तेही ठाऊक नव्हतं. मी बैठकीतला दिवा मालवला, मग भिंतीवरचं बटण चाचपून बाहेरच्या पोर्चचाही मालवला आणि सोफ्यावर गप्प बसून राहिले. त्यानंतर बेल वाजलीच नाही.

रात्री लेकीने सांगितलं, "आई, आज पोर्चचा दिवा लावलेला असला की 'या', आणि मालवलेला असला की 'येऊ नका' असं समजतात इथे." मला त्या रात्री झोप लागली नाही. नागपुरात महालातल्या आमच्या वाड्यात दारी आलेलं लेकरू रिकाम्या हाताने परत गेल्याचं मला आठवत नाही. आणि मी तर त्यांना दिवा मालवून परतवलं होतं.

याला आता अकरा वर्षं झाली. मी बहात्तर वर्षांची आहे. न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळात ऑक्टोबर लागला की दर वर्षी तोच विषय निघतो. आपण या भानगडीत पडावं का? कुणी म्हणतं, हा पोरांचा सण, आपलं काम चॉकलेटची परात धरून दारात बसायचं, बस. कुणी म्हणतं, भुताखेतांचं सोंग आणि ते या वयात, आधीच आपले वर जायचे दिवस. कुणी म्हणतं, आपल्याला आपले सण काय कमी आहेत. मी हे सगळं ऐकून घेते, कारण बोलणारी माणसं माझीच आहेत आणि त्यांना काय टोचतं ते मला कळतं. पण मला ते पटत नाही. म्हाताऱ्या माणसाने या संध्याकाळी नुसती परात धरून बसू नये. त्याने सोंग घ्यावं, दाराबाहेर यावं, शेजारच्या दारापर्यंत जावं. आणि गावांनी, वसाहतींनी त्याला तशी वाट करून द्यावी.

पोरांचा सण, हे आधी घेते. हा सण पोरांचा कधीपासून झाला? आयर्लंड आणि स्कॉटलंडमधल्या जुन्या लोकांचा 'साउन' हा सण उन्हाळा संपून हिवाळा लागण्याच्या सांध्यावरचा. गुरं डोंगरावरून खाली आणायची, पीक घरात घ्यायचं, आणि त्या रात्री मेलेली माणसं फिरतात असं मानायचं. पुढे नवव्या शतकात चर्चने सर्व संतांचा दिवस १ नोव्हेंबरला पक्का केला आणि त्याची आदली संध्याकाळ म्हणून हॅलोवीन हे नाव आलं. २ नोव्हेंबर हा सर्व मृतांचा दिवस. इंग्लंडात त्या दिवसांत गोरगरीब माणसं दारोदार जात, घरातल्या मेलेल्यांसाठी प्रार्थना म्हणत आणि बदल्यात त्यांना छोटी गोड पोळी मिळे. दारोदार जाणारी ती माणसं मोठी होती, बापई होती, बाया होत्या. स्कॉटलंडात सोंग घेऊन घरोघर जाणाऱ्याने काहीतरी करून दाखवायचं असे, एखादं गाणं, कविता, नकल. फुकट काही मिळत नसे. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात लाखो आयरिश लोक अमेरिकेत आले आणि हा सण त्यांच्या गाठोड्यातून आला. तिकडे सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. इथे भोपळा मिळाला, मोठा, कोरायला सोपा, म्हणून भोपळा आला.

मग पोरं कुठून आली? विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत अमेरिकेतल्या शहरांत या रात्री तरुण पोरं फार धुडगूस घालू लागली. फाटकं उखडणं, काचा फोडणं, गाड्या उलथवणं. मंदीच्या काळात तर ते हाताबाहेर गेलं. तेव्हा गावागावांतल्या मंडळांनी आणि शाळांनी तोडगा काढला की पोरांना घरोघर बोलवा, खाऊ द्या, म्हणजे ती नासधूस करणार नाहीत. दुसऱ्या महायुद्धात साखरेचं रेशनिंग होतं म्हणून ते थोडं थांबलं, आणि १९५० च्या दशकात नव्या वसाहती उभ्या राहिल्या तसं घट्ट रुजलं. म्हणजे 'पोरांचा सण' ही गोष्ट शंभर वर्षांचीसुद्धा नाही. एका गरजेपोटी केलेली ती व्यवस्था होती. चांगली होती, मी तिला नावं ठेवत नाही. पण ती सोय होती, शास्त्र नव्हे.

गंमत म्हणजे या सोयीचा पुढे कायदा झाला. व्हर्जिनिया राज्यातल्या चेसापीक शहराने १९७० मध्ये नियम केला की बारा वर्षांवरच्या कुणी या संध्याकाळी दारोदार जायचं नाही, गेलं तर दंड आणि सहा महिन्यांपर्यंत तुरुंग. प्रत्यक्षात कुणाला आत टाकायचा त्यांचा हेतू नव्हता म्हणतात. पण २०१९ पर्यंत ते कागदावर होतं. मग वय चौदा केलं आणि तुरुंगाची तरतूद काढली. कॅनडात न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या बाथर्स्ट गावानेही सोळा वर्षांवरच्यांना मनाई केली होती. मला त्या पंधरा वर्षांच्या पोरांचं वाईट वाटतं, पण त्याहून जास्त वाईट वाटतं ते यामागच्या समजुतीचं. खेळायचं वय संपतं, आणि ते कधी संपतं हे नगरपालिका सांगू शकते, अशी ही समजूत. चौदाव्या वर्षी दार बंद झालं तर बहात्तराव्या वर्षी ते उघडणार कसं?

उलट बाजूचं उदाहरणही याच देशात आहे. न्यूयॉर्कमध्ये १९७४ साली राल्फ ली नावाच्या मुखवटे घडवणाऱ्या कलावंताने आपल्या वस्तीतल्या पोरांना घेऊन मोठाल्या बाहुल्यांची एक मिरवणूक काढली. तीच ग्रिनिच व्हिलेजची हॅलोवीन मिरवणूक. सोंग घेतलेलं कुणीही तिच्यात चालू शकतं, एवढीच अट. लेकीबरोबर मी एकदा सिक्स्थ अ‍ॅव्हेन्यूवर उभी राहून ती पाहिली. माझ्या वयाची एक बाई, वॉकरला सुकलेली पानं आणि बारीक दिवे गुंडाळलेले, स्वतः झाड झालेली, हळूहळू पुढे चालली होती. मागची माणसं तिच्या चालीने चालत होती. ते दृश्य मी विसरले नाही.

आता आपल्याकडचं. हे परकं आहे असं जेव्हा मंडळात कुणी म्हणतं, तेव्हा मला तान्हा पोळा आठवतो. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोट्टे लाकडी बैल घेऊन निघतात. बैलाला चाकं, गळ्यात घुंगरू, अंगावर झूल. पोट्ट्यांनाही सजवतात, कुणी शेतकरी, कुणी शिवाजी. ते घरोघर जातात आणि प्रत्येक घरातून त्यांना बोजारा मिळतो, म्हणजे नाणी, खाऊ, जे असेल ते. माझ्या सासूबाई बोजाऱ्यासाठी सुट्टे पैसे आठ दिवस आधीपासून एका डब्यात साठवायच्या. भोपळ्याची बादली पोटाशी धरून उभा असलेला तो धाकटा पोरगा तान्ह्या पोळ्याचाच होता, मला तेव्हा ओळखता आला नाही.

आणि त्याच दिवशी नागपुरात मारबत निघते. काळी मारबत, पिवळी मारबत, कागदाच्या लगद्याच्या आणि बांबूच्या प्रचंड बाया, मागे बडगे नावाचे पुतळे. 'रोगराई घेऊन जा गे मारबत' म्हणत त्यांना शहराबाहेर नेऊन जाळतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हे चाललं आहे. गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री नरकासुर उभे करतात आणि पहाटे जाळतात. कोकणात शिमग्याला संकासुर दारात नाचतो. पालघर-नाशिककडच्या आदिवासी गावांत बोहाड्याला मुखवटे घालून रात्र-रात्र सोंगं निघतात, आणि त्यातले मुखवटे घालणारे बरेच जण पिकल्या केसांचे असतात. सोंग ही आपल्याकडे कधी पोरांची मक्तेदारी नव्हती. सोंगी भारूड करणारा माणूस साठीचा असला की लोक म्हणत, आता त्याच्या सोंगात जीव आला. वसईचे ख्रिस्ती आणि गोव्याचे लोक २ नोव्हेंबरला कबरी धुऊन-पुसून त्यांवर फुलं आणि मेणबत्त्या ठेवतात, त्यांना तर हे दिवस कुणी शिकवायला नकोत.

एक जास्तीची गोष्ट, मला फार आवडते म्हणून. मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला मृतांचा दिवस करतात. घरात पायऱ्यांची आरास मांडतात, गेलेल्या माणसांचे फोटो, त्यांच्या आवडीचं जेवण, आणि सगळीकडे झेंडू. गेलेल्याला वाट सापडावी म्हणून झेंडूच्या पाकळ्यांची वाट रस्त्यापासून घरापर्यंत पसरतात. आपण दसऱ्याला दाराला बांधतो तो झेंडू मुळात तिकडचाच, मेक्सिकोतून जगभर गेला. म्हणजे आमच्या उंबऱ्यावरचं फूल त्यांच्या पितरांचं. आपण सर्वपित्री अमावास्येला कावळ्यासाठी पान मांडतो आणि खिडकीत डोळे लावून बसतो, ते यापेक्षा वेगळं काय आहे?

इथेच मला मंडळातल्या दुसऱ्या आक्षेपाला उत्तर द्यायचं आहे. आधीच वर जायचे दिवस, मग भुताखेतांचं कशाला. मी म्हणते, म्हणूनच. मरणाशी ज्याचं सगळ्यात जवळचं काम आहे त्यालाच या सणातून बाजूला ठेवायचं, हे कुठलं शहाणपण? सहा वर्षांच्या मुलाला सांगाडा म्हणजे खेळणं. माझ्या नवऱ्याच्या अस्थी मी स्वतः रामटेकला अंबाळ्यात सोडल्या आहेत. अंगणात टांगलेला प्लॅस्टिकचा सांगाडा पाहिला की मला काय वाटतं ते त्या मुलाला कळणार नाही, आणि कळू नये. पण वर्षातून एक संध्याकाळ अख्खी गल्ली मरणाला दारात उभं करते, त्याच्याकडे बघून हसते, त्याच्या हातात खाऊ ठेवते. मला त्याने हलकं वाटतं. दवाखान्यात, विम्याच्या कागदावर, मुलांच्या दबक्या फोनमध्ये मरण ज्या तऱ्हेने येतं, त्यापेक्षा हे बरं. वयस्कर माणसाला मरणाचं नाव काढायची मुभा नसते. काढलं की लगेच 'असं अभद्र बोलू नकोस'. या एका दिवशी ते बोलता येतं, आणि नातवंडांबरोबर बोलता येतं.

नात सहा वर्षांची झाली त्या ऑक्टोबरात तिने जेवताना विचारलं, "आजी, तू काय होणार?" तिच्या आईने परस्पर सांगितलं, आजी घरी बसून चॉकलेट देणार. नातीने ते कानाआड केलं. ती माझ्याकडेच बघत राहिली. तिला खरंच उत्तर हवं होतं. मला किती वर्षांत कुणी विचारलं नव्हतं की तू काय होणार. त्या वयात मुलांना विचारतात, डॉक्टर होणार की मास्तरीण. साठीनंतर माणूस जो झाला तो झाला, असं सगळे धरून चालतात.

मी म्हटलं, "जखीण."

तिला जखीण कोण ते सांगावं लागलं. मुंजा पिंपळावर राहतो, तसं जखीण म्हणजे सवाष्ण गेलेल्या बाईचं भूत. नवरा मागे असताना गेलेली, म्हणून तिच्या अंगावर सगळा साज असतो. हे सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की मी काय निवडलं होतं. ते गेल्यापासून सात वर्षं माझ्या हातात काचेची बांगडी नव्हती. कुणी सक्ती केली नव्हती. लेक तर उलट म्हणायची, घाल ना आई. पण माझा हात जात नव्हता. तेराव्याला ज्या बाया माझ्याभोवती बसल्या होत्या, त्यांचे डोळे मी माझ्याबरोबर विमानातून घेऊन आले होते.

३१ तारखेला दुपारी ट्रंकेतून माझी हिरवी इरकल काढली. लेकीने तिच्या लग्नातल्या हिरव्या बांगड्या आणल्या. त्या हातात चढेनात, सांधे सुजलेले. तिने हाताला साबण लावून एक-एक करून हळू चढवल्या, दोन फुटल्या, सहा राहिल्या. मोठं कुंकू, दाबाची नथ, केस मोकळे सोडलेले, डोळ्यांखाली नातीच्या रंगपेटीतला काळा रंग. आरशासमोर मी बराच वेळ उभी होते. जावयाने खालून हाक मारली तेव्हा भान आलं. त्या संध्याकाळी मी नातीचं बोट धरून चौदा घरी गेले. दारात उभी राहिले की लोक मला विचारायचे, तुम्ही कोण, आणि नात इंग्रजीतून जखिणीची सगळी कथा सांगायची, पिंपळासकट. एका घरच्या म्हाताऱ्या आयरिश वंशाच्या बाईने मला आत बोलावलं आणि तिच्या आजीच्या तोंडची, घरात कुणी मरणार असलं की रडत येणाऱ्या बाईभुताची गोष्ट सांगितली. आम्ही दोघी तिच्या पायरीवर अर्धा तास बसलो. माझं इंग्रजी तोडकं, तिला ऐकू कमी येत होतं. काही अडलं नाही.

मला माहीत आहे, यावर कुणी म्हणेल की बांगड्या घालायच्या होत्या तर सरळ घालायच्या, भूत कशाला व्हायला हवं होतं. बरोबर आहे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव करून विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद केलं, आणि मग सरकारनेही इतर गावांना तसं करायला सांगितलं. मी ती बातमी वाचून रडले होते. पण ठराव गावाचा होतो आणि हात आपला असतो. माझ्या हाताला सोंगाची वाट सापडली. सोंगाचा हाच गुण आहे. वयाने, नात्याने, लोकांनी आपल्याला जे करून ठेवलेलं असतं ते एक संध्याकाळ उतरवून ठेवता येतं, आणि परत घालायचं की नाही हे सकाळी आपलं आपण ठरवायचं. माझ्या हातात त्या सहांपैकी चार बांगड्या आजही आहेत. मोठ्या माणसाला सोंगाची गरज पोरांपेक्षा जास्त आहे असं मी म्हणते ते यासाठी. पोर अजून काही झालेलंच नसतं, त्याला काय उतरवायचं आहे?

आता भीतीबद्दल, कारण दार बंद होण्याचं खरं कारण तेच आहे. दुसऱ्या वर्षी मी मोठ्या हौसेने बेसनाचे लाडू वळले होते, पन्नास. लेकीने हळूच सांगितलं, आई, घरी केलेलं इथे कुणी घेणार नाही, वेष्टनातलंच लागतं. कुणी अनोळखी माणूस खाऊत विष किंवा ब्लेड घालेल, ही भीती अमेरिकेत दोन-तीन पिढ्यांपासून आहे. जोएल बेस्ट नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९५८ पासूनच्या अशा बातम्या तपासल्या. अनोळखी माणसाने असा खाऊ वाटल्यामुळे एखादं मूल मेलं किंवा गंभीर जखमी झालं, असं सिद्ध झालेलं एकही प्रकरण त्यांना सापडलं नाही. १९७४ मध्ये टेक्सासमध्ये एक मुलगा विषारी खाऊने गेला, ते खरं. पण तो खाऊ त्याच्या बापाने दिलेला होता, विम्याच्या पैशासाठी. तरी भीती अनोळखी दाराचीच राहिली. आणि अनोळखी दारांत सगळ्यात जास्त संशय कुणाचा, तर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याचा.

मी नियम मोडा म्हणत नाही. दुसऱ्याच्या लेकराला मी माझे लाडू देत नाही, ओळखीच्या आईबापांच्या हातात देते. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असणारी मुलं खूप असतात, त्यांच्यासाठी निळसर हिरवा भोपळा दारात ठेवून त्यात खाऊऐवजी खेळणी, पेन्सिली ठेवायची पद्धत गेल्या दहा-बारा वर्षांत आली आहे, ती मी पाळते. पण भीतीमुळे काय गेलं तेही कुणीतरी सांगायला हवं. हातचं देणं गेलं. आमच्या पिढीच्या बाईला प्रेम दाखवायला हात सोडून दुसरं साधन नव्हतं, ते अमान्य झालं. मग आम्ही दारात उभं राहायचं थांबवलं.

२०२३ च्या मे महिन्यात अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे लोकांना आरोग्याचा सल्ला देणारे सरकारी डॉक्टर, विवेक मूर्ती यांनी एकाकीपणावर एक सूचनापत्र काढलं होतं. माणसांशी संबंध तुटल्याने आयुष्यावर होणारा परिणाम रोज पंधरा सिगारेटी ओढण्याच्या जवळपास जातो असं त्यात होतं. त्यावर चर्चा खूप झाल्या, शिबिरं, फोन लाइनी. मला वाटतं, या देशाकडे एक तयार संध्याकाळ आहे. या दिवशी अनोळखी माणसाचं दार ठोठावणं हे उद्धटपणाचं नसतं, अपेक्षित असतं. आमच्या गल्लीत एरवी कुणी कुणाचं दार वाजवत नाही, फोन केल्याशिवाय सख्ख्या बहिणीकडे जात नाहीत. वर्षातून ही एकच रात्र. आणि तीच रात्र म्हातारी माणसं दिवा मालवून, टीव्हीचा आवाज कमी करून काढतात.

यातलं सगळ्यात जिव्हारी लागणारं उदाहरण '५५ प्लस' वसाहतींचं आहे. न्यू जर्सीत अशा खूप आहेत आणि आपली निवृत्त मराठी माणसं हौसेने तिथे घरं घेतात. अंगण झाडावं लागत नाही, बर्फ कुणीतरी काढतं, क्लबघर असतं, सगळं छान. १९९५ च्या केंद्रीय कायद्याने अशा वसाहतींना मुभा आहे की किमान ऐंशी टक्के घरांत पंचावन्न वर्षांवरचं कुणी राहत असलं तर लहान मुलांच्या कुटुंबांना घर नाकारता येतं. कायद्याने मुलांशिवायचं गाव करता येतं, आणि ते लोक पैसे देऊन घेतात. माझी एक मैत्रीण, अमरावतीची, अशाच एका ठिकाणी राहते. तिने पहिल्या वर्षी चॉकलेटच्या तीन मोठ्या पिशव्या आणल्या, दारात भोपळा ठेवला, दिवा लावला आणि खुर्ची टाकून बसली. नऊ वाजेपर्यंत बसली. फाटकावर पहारा, आत एकही मूल राहत नाही, येणार कोण? तीन वर्षं तिने दिवा लावला. चौथ्या वर्षी नाही लावला.

माझं म्हणणं असं आहे की या एका संध्याकाळी अशा वसाहतींनी फाटक उघडावं. शेजारच्या शाळेला, वाचनालयाला कळवावं, चार ते सहा या वेळात, उजेडात, मुलांना येऊ द्यावं. काही वृद्धाश्रम हे करतात, मुलं व्हरांड्यातून ओळीने जातात आणि प्रत्येक दारात चाकाच्या खुर्चीवर कुणीतरी परात घेऊन बसलेलं असतं. अवघड काही नाही. २०२० मध्ये साथ होती तेव्हा लोकांनी जिन्याच्या कठड्याला पाइप बांधून त्यातून चॉकलेटं खाली सोडली, ड्राइव्हवेच्या टोकाशी टेबलं मांडली. त्या टेबलांचा सगळ्यात जास्त फायदा आम्हाला झाला, कारण पायऱ्या चढ-उतर करावी लागली नाही. ती टेबलं ठेवा. मेणबत्तीच्या जागी बॅटरीचा दिवा ठेवा, पायघोळ झगा आणि डोळे झाकणारा मुखवटा आमच्या वयात नको, पडायला होतं. एवढी काळजी पुरे.

बाजाराचं म्हणाल तर ते मला मान्य आहे. २०२३ मध्ये अमेरिकेत या सणावर बारा अब्ज डॉलरच्या वर खर्च होईल असा व्यापाऱ्यांच्या संघटनेचा अंदाज होता. एक रात्र घालून फेकायचे पोशाख, अंगणात बारा फुटी सांगाडे, १ नोव्हेंबरला सकाळी कचऱ्याच्या गाडीत सगळं. हे मला बघवत नाही. पण म्हाताऱ्या माणसाचं सोंग कपाटातून निघतं, दुकानातून नाही. आमच्याकडे चाळीस वर्षांचे कपडे आहेत. इरकल आहे, धोतर आहे, नवऱ्याचा कोट आहे. गोष्टीही आमच्याकडेच आहेत. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत आता मुलांना काळे झगे घालून हे करतात असं ऐकते. माझं मत विचाराल तर तिथे त्याची गरज नाही, तिथे भोंडला आहे, मुलींनी घरोघर जाऊन गाणी म्हणायची आणि झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा. पण करायचंच असेल तर निदान गच्चीवरचे दिवे मालवून आजोबांना मुंज्याची गोष्ट सांगू द्या.

आणि आपले सण सुटतील ही भीती? २०२४ मध्ये नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच आली होती. पहाटे मी नातवंडांना उटणं लावून न्हाऊ घातलं. कारीट इथे मिळत नाही, म्हणून एक छोटी काकडी पायाच्या अंगठ्याने फोडली. संध्याकाळी त्याच अंगणात आकाशकंदिलाखाली कोरलेला भोपळा होता, आणि शेजारची मुलं विचारत होती की वरचा दिवा कुणाचा. नात सांगत होती, जे गेले त्यांना घर दिसावं म्हणून. मी तिला हे शिकवलं नव्हतं. कुठून तरी तिने दोन्ही जोडलं होतं.

मैत्रिणीच्या वसाहतीच्या समितीला आम्ही उन्हाळ्यात पत्र दिलं. तीन बैठका झाल्या. विम्याचं काय, गाड्या कुठे लावायच्या, फाटकावर कोण बसणार, यावर बरीच खळखळ झाली. शेवटी दोन तासांसाठी हो म्हणाले. जवळच्या शाळेतल्या दोन वर्गांची मुलं येणार आहेत. काल रात्री साडेनऊला तिचा फोन आला. मला वाटलं काहीतरी बिनसलं. ती थोडा वेळ गप्पच होती. मग म्हणाली, "तुझ्याकडची नथ देशील का गं? माझी सुनेला देऊन टाकली, ते गेले तेव्हाच."

नथ मी रुमालात बांधून ठेवली आहे, शनिवारी तिच्याकडे नेऊन देईन. मी यंदा मारबत होणार. नातीने बांबूच्या जागी जुन्या छत्रीच्या काड्या जमवल्या आहेत आणि पिवळी की काळी यावर आमचं अजून एकमत व्हायचं आहे.